अर्धी बांधलेली होडी

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सांगता-समारंभांत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें मागील पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, दात्यांचे आभार मानावे आणि पुढील पिढीला चार हिताच्या गोष्टी सांगाव्या, अशी वहिवाट आहे. आढावा चिटणीसांनीं वाचून दाखविला आहे. आभाराचें काम अध्यक्षांनीं माझ्याहून अधिक चांगल्या रीतीनें केलें आहे. राहतां राहिल्या त्या चार हिताच्या गोष्टी. त्या चार न सांगतां मी आज एकच सांगणार आहें, आणि तीहि माझी नव्हे. आपल्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींची आहे. त्यांच्या अनुमतीनें मी ती सांगत आहें. आपलें नांव घेऊं नये, एवढीच अट त्यांनीं मला घातली. तुम्हांपैकीं पुष्कळांनीं तें एव्हांना ओळखलेंहि असेल; तरी तें मनांतच ठेवा.

हे गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे आहेत. वयाच्या चौदाव्या वर्षीं बापाच्या हाताखालीं त्यांनीं वाकस हातीं धरला, तो पुढें कधीं खालीं ठेविला नाहीं. अलीकडे आपल्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या येऊं लागल्या आहेत. साच्यांतून निघणाऱ्या त्या होडीला ना सागवान लागत, ना सुतार. लांकडी होडी सांगणारें गिऱ्हाईक आतां विरळा. असें असतां दोन वर्षांपूर्वीं, नाताळचा सण आटोपल्यावर, आपल्यांतीलच एका नाखव्यानें त्यांच्याकडे चाळीस फुटी लांकडी होडी सांगितली. आपल्या राज्यांत जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ तारखेपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, हें तुम्ही जाणतांच. ती बंदी उठतांच नवी होडी पाण्यांत जावी, असा बोलीचा करार होता. नाखव्यानें आगाऊ रक्कम दिली. मिस्त्रींनीं सागाच्या फळ्या आणल्या, बाभळीचीं वांकडीं लांकडें निवडून आणलीं, आणि किनाऱ्यावर ताडपत्रीचा मांडव घालून कामाला आरंभ केला.

उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यांत एक फळी खांद्यावर घेतांना त्यांच्या छातींत कळ आली. ती डाव्या हातांत उतरली आणि अंगाला दरदरून घाम सुटला. मुलानें क्षणहि न दवडतां रुग्णालयांत नेलें, म्हणून प्राण वांचले. हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा होता. तो दूर करून तेथें धातूची बारीक जाळीदार नळी बसविण्यांत आली. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं बजावलें कीं, तीन महिने कसलेंहि वजन उचलावयाचें नाहीं, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसहि चुकवावयाच्या नाहींत, आणि पूर्वीसारखें कष्टाचें काम ह्यापुढें करावयाचें नाहीं.

इकडे मांडवाखालीं होडी तशीच उभी. पठाण, म्हणजे होडीचा कणा, घातलेला. पुढची नाळ उभी केलेली. बाभळीच्या बरगड्या जागच्या जागीं बसलेल्या. आणि फळ्या मात्र निम्म्याच उंचीपर्यंत चढलेल्या. लांबून पाहणाऱ्याला तो एखाद्या मोठ्या माशाचा सांगाडा वाटावा.

झावळ्यांच्या रविवारीं मिस्सा संपल्यावर हे गृहस्थ हातांत झावळी घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “फादर, होरी पुरी करूं, का सोडूं?”

मीं तत्काळ उत्तर दिलें, “काका, सोडा. जीव राहिला तर होड्या पुष्कळ.”

उत्तर अगदींच चुकीचें होतें, असें मी म्हणत नाहीं. परंतु तें फार लवकर आलें होतें. प्रश्न पुरता ऐकून घेण्याच्या आधींच मीं तो निकालांत काढिला होता. ते कांहीं वेळ उगे राहिले. मग त्यांनीं मान वर करून चर्चच्या छपराला लावलेल्या परांचीकडे पाहिलें आणि शांतपणें विचारलें, “आणि फादर, ह्या छपराचें काम तुम्ही कधीं सोडणार?”

ह्या प्रश्नाचें मर्म तुम्हांला कळावें म्हणून मला माझी एक उणीव सांगितली पाहिजे. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. महोत्सवानिमित्त छपराची दुरुस्ती निघाली, तेव्हां डॉक्टरांनीं मला परांचीवर चढण्याची सक्त मनाई केली होती. तरीहि मी रोज चढत असें. एके दिवशीं सकाळीं न खातां वर गेलों. डोळ्यांपुढें अंधारी आली. आणि खालून ज्यानें मला धरलें, तो हाच मनुष्य होता. त्यानें ती गोष्ट कोणाला सांगितली नाहीं, आणि मींहि सांगितली नाहीं. मी निरुत्तर झालों. रोग्याला उपदेश करणें सोपें आहे. स्वतः रोगी होऊन तो ऐकणें कठीण आहे.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून मी ह्या प्रश्नाचा विचार करीत आहें. हातीं घेतलेलें काम अर्धें राहिलें आहे आणि शरीर साथ देत नाहीं, अशी वेळ तुम्हां-आम्हां प्रत्येकावर कधीं ना कधीं येते. कोणाचें घर अर्धें, कोणाची बाग अर्धी, कोणाच्या मुलीचें लग्न व्हावयाचें, कोणाची संस्था नुकती रुजूं लागलेली. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें?

येथें दोन चुका संभवतात. पहिली चूक शरीराला धनी समजण्याची. जरा कांहीं झालें कीं हातचें काम टाकावें आणि पुढील सर्व आयुष्य नाडी मोजण्यांत घालवावें, हा त्या धन्याचा हुकूम. दुसरी चूक शरीराला गाढव समजण्याची. तें कोसळून पडेपर्यंत त्याच्यावर ओझें लादीत जावें, आणि ह्यालाच त्याग हें नांव द्यावें. ही दुसरी चूक भाविक लोकांच्या हातून अधिक घडते, कारण ती पुण्याच्या वेषांत येते. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला थट्टेनें ‘बंधु गाढव’ म्हणत आणि त्याला फार कठोरपणें वागवीत. परंतु अखेरच्या दिवसांत, आपण ह्या बंधूचा अपराध केला आहे, अशी कबुली त्यांनीं दिली, असें त्यांच्या जुन्या चरित्रांत नमूद आहे. एवढ्या मोठ्या संतानें जी कबुली दिली, ती देण्यास आपण कां लाजावें?

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या दोन चुकांच्या मधून जाते. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाचा ह्याविषयींचा आशय असा आहे कीं, जीवित आणि आरोग्य हीं देवानें आपल्या हवालीं केलेलीं मोलाचीं दानें होत, आणि त्यांची वाजवी काळजी घेणें हें आपलें कर्तव्य होय. मात्र देह हें कांहीं सर्वश्रेष्ठ मूल्य नव्हे, त्याची पूजा मांडूं नये. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५७ सालीं डॉक्टरांपुढें भाषण करतांना हाच विवेक सांगितला: प्राण राखण्यासाठीं साधारण उपाय करणें मनुष्याला बंधनकारक आहे, असाधारण उपाय करणें तसें नाहीं. म्हणजे गोळी घेणें, पथ्य पाळणें, डॉक्टरांचें ऐकणें ही भित्रेपणाची खूण नव्हे. ती ठेव सांभाळणाऱ्या विश्वासू चाकराची रीत होय.

परंतु ही शिकवण एकाएकीं ‘सोडा’ असें म्हणत नाहीं, आणि एकाएकीं ‘करा’ असेंहि म्हणत नाहीं. हें मला संत पौलाचीं पत्रें पुन्हा वाचतांना उमगलें. त्या पत्रांतील आजारी माणसांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. फिलिप्पी येथील मंडळीनें पौलाच्या सेवेसाठीं पाठविलेला एपफ्रदीत हा अगदीं मरणाच्या दारीं जाऊन आला. पौलानें त्याच्या निष्ठेचा गौरव केला, आणि तो बरा होतांच त्याला घरीं परत पाठविलें. त्रफिम नांवाचा दुसरा सोबती आजारी पडला, तेव्हां पौलानें त्याला मिलेत बंदरांत मागें ठेविलें, आणि काम त्याच्यावांचून पुढें गेलें. तिसरा तिमथी. पोटाचा विकार आणि वरचेवर येणारीं दुखणीं ह्यांनीं तो बेजार होता. पण त्याला पौलानें काम सोडण्यास सांगितलें नाहीं. नुसतें पाणी न पितां थोडा द्राक्षारस घेत जा, एवढें पथ्य सांगून त्याला जागच्या जागीं ठेविलें. आणि चौथा स्वतः पौल. आपल्या देहांतील कांटा काढावा म्हणून त्यानें तीन वेळां प्रार्थना केली. कांटा निघाला नाहीं, तेव्हां तो कांट्यासह चालत राहिला. चार आजारी, आणि चार निरनिराळे निर्णय! एकाला घरीं पाठविलें, एकाला मागें ठेविलें, एकाला पथ्यानें कामावर ठेविलें, आणि एकानें दुखणें अंगावर घेऊनच काम केलें. ह्यांत विसंगति नाहीं. पौलानें रोगाचें नांव पाहिलें नाहीं, माणूस पाहिला.

आपल्या ख्रिस्तसभेबाहेरचा, परंतु होडीचाच, एक दाखला सांगतों. फ्रान्सिस चिचेस्टर हा अँग्लिकन पाळकाचा पुत्र, इंग्लंडमधील एक धाडसी वैमानिक आणि नाविक. १९५८ सालीं डॉक्टरांनीं त्याला फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचें सांगितलें. त्याची शिडाची नवी नौका अजून पाण्यांत उतरावयाची होती. त्याच्या पत्नीनें शस्त्रक्रियेस संमति दिली नाहीं, आणि तो पुढें बरा झाला. तें निदान मुळांत बरोबर होतें कीं नाहीं, ह्याविषयीं मागाहून मतभेदहि झाले. म्हणून, माझ्या मित्रांनो, डॉक्टरांना नकार द्यावा असा बोध ह्यांतून कोणीं काढूं नये. एकाचा योगायोग हा दुसऱ्याचा मार्ग होत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें निराळें. नौका पुरी झाली आणि १९५९ सालीं आयर्लंडमधील आर्क्लो येथें पाण्यांत उतरली. अटलांटिक महासागर एकट्यानें ओलांडण्याच्या १९६० सालच्या पहिल्या शर्यतींत, त्याच नौकेंतून, ४० दिवसांत न्यूयॉर्क गांठून तो पहिला आला. पुढें १९६६-६७ मध्यें, पासष्ट वर्षांचा असतां, वाटेंत सिडनीचा एकच मुक्काम करून, त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि १९७२ सालीं, सत्तराव्या वर्षीं, तो त्याच अटलांटिकच्या शर्यतीला पुन्हा निघाला. परंतु ह्या वेळीं प्रकृति ढासळली, आणि त्यानें शर्यत सोडून नौका मागें वळविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्यें तो वारला. लोक त्याची प्रदक्षिणा आठवतात. मला त्याचें मागें फिरणेंहि तितकेंच थोर वाटतें. पुढें जाण्याचा निर्णय घेणारा आणि परत फिरण्याचा निर्णय घेणारा मनुष्य एकच होता.

मग निर्णय करावा तरी कसा? ईस्टरनंतरच्या मंगळवारीं मी मिस्त्रींच्या घरीं गेलों, तो ह्या वेळीं उत्तर घेऊन नव्हे, तर प्रश्न घेऊन. संत इग्नेशियस लोयोला ह्यांच्या आध्यात्मिक साधनांच्या ग्रंथाला पोप तिसरे पौल ह्यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली. त्यांत निर्णय करण्याच्या कांहीं रीती सांगितल्या आहेत. निर्णय घेणाऱ्यानें प्रथम तराजूच्या मधल्या कांट्यासारखें व्हावें, इकडे वा तिकडे झुकूं नये. मग आपण कधीं पाहिलेला नाहीं असा एखादा मनुष्य हाच प्रश्न घेऊन आला आहे अशी कल्पना करावी, आणि त्याला आपण काय सांगूं तें पाहावें. मग आपण मृत्युशय्येवर आहों अशी कल्पना करावी, आणि त्या वेळीं आपण काय केलेलें असावें असें वाटेल, तें आज करावें.

मीं पहिला प्रश्न केला, “काका, दूरच्या बंदरांतला एखादा अनोळखी मिस्त्री तुमच्याकडे हेंच विचारावयास आला, तर त्याला काय सांगाल?”

ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “त्याला सांगेन, वाकस ठेव. पण मांडव सोडूं नको.”

मीं दुसरा प्रश्न केला, “आणि शेवटच्या घटकेला तुम्हांला कशाचें वाईट वाटेल?”

ह्या वेळीं ते पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “होरी राहिली ह्याचें नाहीं वाटणार, फादर. कोणाला शिकविली नाहीं ह्याचें वाटेल.”

बंधुभगिनींनो, खरें अर्धें राहिलेलें काम कोणतें, हें त्या क्षणीं आम्हां दोघांना दिसलें. मुलगा शहरांत नोकरीला. त्याच्यावर राग नाहीं. पुतण्या किनाऱ्यावरच असे. त्याला ह्या कामाची आवड होती. पण चुलत्याचें काम इतकें चोख, कीं दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. त्यामुळें तो केवळ फळ्या वाहून आणी. वाकस त्याच्या हातीं कधीं दिला गेला नव्हता.

त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्यांचें म्हणणें मीं विचारलें. त्या म्हणाल्या, “मला होरीचं नाव नको वाटतं, फादर. पण हे रिकामे बसले, तर घरातल्या घरात झुरून जातील. करायचं तर डॉक्टर सांगेल तेवढंच करा.” ह्या बाईंच्या तीन वाक्यांत, मीं धर्मविद्यालयांत शिकलेलें नीतिशास्त्र पुष्कळसें आलें.

मग आम्ही कागद घेतला. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें लूकच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे; आम्ही तो हिशेब केवळ पैशांचा न करतां शरीराचाहि केला. एका बाजूस उरलेलें काम मांडलें: फळ्या चढविणें, खिळे मारणें, सांध्यांत कापूस व राळ भरणें, वरचा तक्तपोस, इंजिनाची बैठक. दुसऱ्या बाजूस मिस्त्रींना काय करतां येईल तें मांडलें. वजन उचलणें वर्ज्य. वाकस वर्ज्य; कारण रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असतां एखादा घाव पायावर बसला, तर रक्त लवकर थांबणार नाहीं. उन्हांत उभें राहणें वर्ज्य. मग उरलें काय? खुर्चीवर बसून सुतळी आणि खडूनें रेघ मारून देणें, नजरेनें बांक तपासणें, आणि तोंडानें सांगणें. आम्ही दोन्ही बाजू ताडून पाहिल्या. उरलेल्या कामाला हात पुष्कळ हवे होते, पण नजर एकच हवी होती. हात दुसऱ्यांचे चालणार होते. नजर मात्र त्यांचीच होती.

नाखव्याला बोलावलें. त्याला आगाऊ रक्कम परत मागण्याचा हक्क होता, आणि तो तसें म्हणाला असता तर कोणींहि त्याला दोष दिला नसता. त्यानें एक हंगाम थांबण्याचें कबूल केलें. तो हंगाम त्यानें चुलतभावाच्या होडीवर खलाशी म्हणून काढिला, आणि त्याच्या घरीं ओढ बसली. महोत्सवाच्या देणगीदारांच्या यादींत त्याचें नांव नाहीं. मला वाटतें, देवाच्या वहींत तें वरच्या ओळींत असेल.

शेवटीं तीन अटी ठरल्या. डॉक्टरांनीं परवानगी दिल्यावांचून मांडवांत पाऊल टाकावयाचें नाहीं. पुन्हा कळ आली, तर त्याच दिवशीं, वाद न घालतां, काम पुतण्याच्या स्वाधीन करावयाचें. आणि वाकस हातीं धरावयाचा नाहीं. ह्या अटी मान्य झाल्यावर मीं त्यांना इग्नेशियसांची एक गोष्ट सांगितली. खेद होईल अशा गोष्टी मनांत आणूं नका, असें डॉक्टरांनीं त्यांना बजावलें होतें. तेव्हां आपल्याला कशानें खेद होईल, ह्याचा त्यांनीं विचार केला. ज्या येशूसंघासाठीं त्यांनीं जन्म वेंचला होता, तो मोडला तर खेद होईल. परंतु त्यांतहि आपला दोष नसेल, तर पाव तास प्रार्थना केल्यावर मन पूर्ववत् शांत होईल, असें त्यांना वाटलें. मीं विचारलें, “काका, उद्यां ही होडी वादळानें मोडली, तर पाव तास पुरेल काय?” ते हंसून म्हणाले, “पाव तास नाहीं पुरणार, फादर. पण एक पुरी रोजारी पुरेल.” तेव्हां मला कळलें कीं, कांटा मध्यावर आला आहे. होडी सोडतां येण्याइतका जो मोकळा झाला आहे, त्यानें ती पुरी करण्यास हरकत नाहीं.

काम पुन्हा हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं रुग्णाभ्यंगाचा संस्कार मागितला. फादर तेल घेऊन घरीं आले, म्हणजे सर्व आशा संपली, अशी समजूत आपल्यांत अजून आहे. ती सोडून द्या. हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं स्पष्ट केलें, आणि पोप सहावे पौल ह्यांनीं १९७२ सालीं त्याचा विधि त्याप्रमाणें सुधारून दिला. गंभीर आजार आला असतां बळ, धीर, क्षमा आणि देवाची इच्छा असेल तर आरोग्यहि मिळावें, म्हणून हें तेल आहे. त्यांनीं ते हात पुढें केले. त्रेपन्न वर्षें वाकस धरून तळवे घट्ट झालेले होते. त्या तळव्यांवर मीं क्रूसाची खूण केली.

जूनच्या अखेरीस, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, मांडवांत पुन्हा ठोका ऐकूं येऊं लागला. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले, आणि हें दुखणें हृदयाचें नव्हे तर स्वभावाचें होतें. पुतण्याचा हात चुकला कीं मिस्त्री खुर्चीवरून उठत. पत्नी हांक मारी कीं बसत. सातवी फळी पुतण्यानें सबंध आपल्या हातानें घातली. ती नाळेपाशीं किंचित् उचललेली आहे. मला तें दिसत नाहीं, तुम्हांलाहि दिसणार नाहीं, मिस्त्रींना दिसतें. ती काढून पुन्हा बसवावी, असें त्यांच्या मनांत दोन दिवस होतें. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं तिच्यांतून पाणी येईल काय, एवढेंच तपासलें. येणार नाहीं असें दिसतांच म्हणाले, “राहूं दे. ती तुझी फळी.” माझ्या मतें त्या होडीचें काम त्या दिवशीं पुरें झालें, नोव्हेंबरांत ती पाण्यांत उतरली, तो केवळ समारंभ.

त्या समारंभाला मी आशीर्वाद देण्यास गेलों होतों. रोमन विधिग्रंथांत नव्या नौकेच्या आशीर्वादाची एक जुनी प्रार्थना आहे. जलप्रलयावर तरंगणाऱ्या नोहाच्या तारवाला जसा आशीर्वाद दिला, तसा ह्या नौकेला दे. लाटांवर चालणाऱ्या पेत्राला जसा हात दिला, तसा ह्यांनाहि दे, असा तिचा भावार्थ आहे. कित्येक वर्षें मी ती म्हणत आलों. पण त्या दिवशीं एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. त्या प्रार्थनेंत नौकेसाठीं आणि तींतून प्रवास करणाऱ्या सर्वांसाठीं कृपा मागितली आहे. बांधणाराचा तेथें उल्लेखहि नाहीं. होडी ही बांधणारासाठीं बांधलेलीच नसते. ती दुसऱ्यांना पलीकडे नेण्यासाठीं असते. हें ज्याला समजलें, त्याला कोणत्या फळीवर कोणाचा हात पडला, ह्याचें दुःख उरत नाहीं. होडी ढकलणाऱ्यांत मिस्त्री नव्हते. ते बाजूला उभे राहून, ती सरकतांना, तिच्या अंगाला एक हात लावून राहिले, आणि मग तो हात सुटला.

आतां छपराविषयीं. त्या मंगळवारीं घरीं येतांच मीं दुरुस्तीचें सर्व काम समितीच्या स्वाधीन केलें, आणि परांचीची शिडी मजपासून दूर ठेवावी, अशी विनंति केली. समितीनें तें काम उत्तम केलें. वेदीवरच्या छताचा निळा रंग मी निवडला असता त्याहून अंमळ गडद आहे. तो रोज सकाळीं मला दिसतो. ती माझी सातवी फळी.

माझ्या प्रिय बंधुभगिनींनो, ज्यांनीं पन्नास वर्षांपूर्वीं ह्या धर्मग्रामाचा पठाण घातला, त्यांपैकीं थोडेच आज आपल्यांत आहेत. दावीद राजाला मंदिर बांधावयाचें होतें. तें त्याच्या हातून व्हावयाचें नव्हतें. त्यानें रागावून सामान समुद्रांत टाकलें नाहीं. दगड, लांकूड आणि सोनें जमविलें, आराखडा शलमोनाच्या हातीं दिला, आणि बाजूला झाला. आपले पूर्वज तसेच बाजूला झाले, म्हणून ही होडी आपल्या हातीं आली. आपल्यांतील ज्या वडीलधाऱ्या मंडळीचें शरीर आतां थकलें आहे, त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं, डॉक्टरांचें ऐका, घरच्यांचें ऐका, प्रार्थना करून कांटा मध्यावर आणा, आणि मग जें ठरेल तें निर्भयपणें करा. सोडावें लागलें, तर लाज मानूं नका. करतां आलें, तर तुमच्या नजरेसाठीं मांडवांत खुर्ची आहे. आणि तरुणांना माझें सांगणें असें कीं, त्या खुर्चीजवळ जाऊन बसा. खडूची रेघ कशी मारावी, हें पुस्तकांत सांपडणार नाहीं. आणि ज्यांना तें ठाऊक आहे, ते आपल्यांत फार दिवस असतील, असें धरून चालूं नका.

मिस्त्री आज ह्या सभेंत आहेत. ते कोठें बसले आहेत, हें मी सांगणार नाहीं. एवढेंच सांगतों, कीं त्यांच्या शेजारीं त्यांचा पुतण्या बसला आहे, आणि काल त्याला दुसऱ्या होडीची सुपारी मिळाली आहे. ती आधींच्या होडीहून लहान आहे.

वादळांत शिष्यांच्या होडींत बरोबर असणारा प्रभु येशू तुमच्या घरांत, तुमच्या कामांत आणि तुमच्या दुखण्यांत तुम्हांबरोबर असो. आणि सागरतारा पवित्र मरिया आपणां सर्वांस सुखरूप किनाऱ्याला नेवो. आमेन.